रेतीवरच्या स्टेडियममधील ‘अनधिकृत व्यक्ती’

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
घाट क्रीडा महोत्सव आयोजन समिती,
तात्पुरते कार्यालय, वाराणसी.

विषय : माझे वडील कै. ढुंढिराज आठल्ये यांची ‘अनधिकृत व्यक्ती’ अशी झालेली नोंद दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : आपला अपघात अहवाल व माझे यापूर्वीचे हिंदीतील तीन अर्ज.

महोदय,

हा अर्ज मराठीत लिहिण्याचे कारण आधी सांगते. आपण मूळचे अमरावतीचे आहात, असे आपल्या चपराशाने सांगितले. कार्यालयाची भाषा हिंदी आहे हे मला ठाऊक आहे. आधीचे अर्ज हिंदीतच होते. काशीतल्या या दूधविनायक मोहल्ल्यात आमच्या कैक पिढ्या झाल्या, तरी घरात आम्ही मराठी बोलतो आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. उंबऱ्याबाहेरच्या भाषेत सांगण्यासारखे होते तेवढे सांगून झाले आहे.

१. गेल्या हिवाळ्यात, पाणी ओसरल्यावर, संकठा घाटासमोर पलीकडच्या रेतीवर समितीने लोखंडी नळ्या आणि फळ्यांचे स्टेडियम उभारले होते. शेवटच्या दिवशी धोतर नेसून खेळायचा क्रिकेटचा सामना होता. त्याचे संस्कृतमधून समालोचन करायला माझ्या वडिलांना बोलावले होते. ते पाठशाळेतून निवृत्त झालेले अध्यापक. समितीचे दोन सदस्य स्वतः घरी आले, ‘पंडितजी, आपके बिना मज़ा नहीं आएगा’ म्हणाले, आणि पोह्यांची दुसरी बशी मागून घेतली. बोलावणे तोंडीच होते. घरी आलेल्या माणसाकडे लेखी बोलावणे मागणे म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवणे, अशी वडिलांची समजूत होती. ती चूक होती, हे आता मान्य करते.

२. समालोचनाची खोली सगळ्यात उंच होती. सामना संपला, बक्षिसे वाटून झाली, पाहुणे नावेत बसले. वडील वरच राहिले. आरंभी मंगल म्हटले असेल तर शेवटीही म्हटल्याखेरीज उठायचे नाही, हा त्यांचा पाठशाळेतला शिरस्ता. मग समोर विद्यार्थी असोत की मोकळ्या खुर्च्या. खाली ठेकेदाराची माणसे कामाला लागली होती. असे स्टेडियम उतरवताना जिना आधी सोडवतात, कारण पुढच्या गावी वर चढायला तोच आधी लागतो. हे मला त्यांच्यातल्याच एकाने रडत रडत सांगितले. त्याने खालून हाक मारली होती, ‘बाबा, उतरिए, खेल ख़तम!’ वडिलांनी चालू ध्वनिक्षेपकावरूनच उत्तर दिले, ‘अरे भाई, मंगल बाक़ी है।’ त्याला वाटले, बाबा दुसऱ्या बाजूने उतरतील. दुसरी बाजू नव्हती.

३. ते मंगल मी नदीच्या या काठावरून, भोसले घाटाच्या पायऱ्यांवर उभी राहून ऐकले. शेवटच्या शांतिपाठापर्यंत ऐकले. आता निघतीलच, म्हणून चहाचे आधण ठेवायला घरी वळले.

४. आपला अहवाल म्हणतो की लेखी बोलावणे कोणालाच नव्हते आणि बक्षीसवाटपाबरोबर कार्यक्रम संपला, सबब त्यानंतर वरून पडलेली व्यक्ती अनधिकृत होती. ही नोंद बदलावी असा पहिला अर्ज केला. उत्तर आले की स्टेडियम तात्पुरते असल्याने आता अस्तित्वात नाही. स्थळपाहणी शक्य नसल्याने नोंद कायम राहील.

दुसऱ्या अर्जावर सुनावणी लागली. स्थळ : स्टेडियमचे मुख्य प्रवेशद्वार. महिना ऑगस्ट. मी गेले. कुशल नावाच्या नावाड्याने भरल्या गंगेत नाव नेली, वल्हे थांबवले आणि म्हणाला, ‘दीदी, गेट तो यहीं कहीं था।’ सुनावणीची वेळ टळेपर्यंत त्याने प्रवाहाविरुद्ध नाव धरून ठेवली. आपल्याकडून कोणी आले नाही. कागदोपत्री गैरहजर मी आहे.

तिसऱ्या अर्जाचे उत्तर वडिलांच्या नावे आले. कार्यक्रम संपल्यावर आपण वर का थांबलात, याचा खुलासा करावा. अन्यथा पुढील महोत्सवात प्रवेश मिळणार नाही.

५. मला भरपाई नको. जिना सोडवणाऱ्यांवर कारवाईही नको. त्यांना जे सांगितले होते ते त्यांनी केले. मला एक वाक्य हवे आहे : ‘ढुंढिराज आठल्ये समितीच्या बोलावण्यावरून वर गेले होते आणि आपले काम पुरे करत होते.’ पूजेसाठी दुसऱ्याच्या अंगणातली फुले आमच्या गल्लीत सर्रास तोडतात. वडील त्यासाठीही दार ठोठावत आणि घरातले उठेपर्यंत बाहेर उभे राहत. अशा माणसाच्या नावापुढचा शेवटचा सरकारी शब्द ‘अनधिकृत’ आहे.

६. आपले पदही तात्पुरते आहे आणि यंदाचा महोत्सव आटोपला की हे कार्यालय उठेल, असे समजते. त्यामुळे फारशी आशा धरून हे लिहीत नाही. परंतु गेल्या आठवड्यात आपल्याच कार्यालयातून फोन आला. आवाज तरुण होता, फार अदबीने बोलत होता. ‘ज़रा पंडितजी को दीजिए। पिछली बार उनकी कमेंट्री ख़ूब जमी थी, इस साल भी वही करना है।’ मी म्हटले, ते नाहीत. ‘कोई बात नहीं। कब तक लौटेंगे?’ मी आपला अहवाल शोधायला उठले. पुन्हा करतो म्हणून त्याने फोन ठेवला.

तो पुन्हा करील. आपल्या अहवालानुसार वडिलांना कोणी बोलावले नव्हते आणि नोटिशीनुसार या वर्षी त्यांना प्रवेश नाही. तेव्हा नोंद बदलणे शक्य नसेल, तर त्या मुलाला मी काय सांगावे, एवढे तरी लेखी कळवावे.

रेती पुन्हा वर आली आहे. नळ्यांनी भरलेल्या नावा पलीकडे जाताना घाटावरून दिसतात. जिना उभा राहिला आहे. बाकी अजून काही नाही.

उत्तराच्या प्रतीक्षेत, नम्रपणे,

(सही)
ऋता ढुंढिराज आठल्ये
दूधविनायक, वाराणसी
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४

सोबत : खुलाशाची नोटीस, मूळ प्रत. ज्यांच्या नावे आहे त्यांना देता आली नाही, म्हणून परत.