नवा प्रीॲम्प बसवल्यानंतर केलेले मृत्युपत्र

मी, माणिकराव पुंजाजी उमाळे, वय अठ्ठावन्न, धंदा लाऊडस्पीकर भाड्याने देणे व रेडिओ दुरुस्ती, राहणार जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. नशापाणी केलेले नाही आणि मागे उभे राहून कोणी लिहवून घेत नाही. कर्ण्यांच्या पायी डावा कान थोडा मंद झाला आहे, पण त्याचा बुद्धीशी काही संबंध नाही, असे डॉक्टर म्हणतात. मला हल्ली तेवढी खात्री वाटत नाही. का, ते पुढे येईल.

कलम १. सन १९६९ मध्ये मी एक मृत्युपत्र नोंदवले होते. ते आजपासून रद्द समजावे. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून त्यात मी राहते घर व दुकान माझी बहीण गोजरबाई हिचा मुलगा कडूबा याच्या नावे केले होते. माझी पत्नी जनकाबाई हिला मागच्या खोलीत राहण्याचा हक्क ठेवला होता, तोही तिची वागणूक नीट राहील तोवर. कारणही लिहिले होते. ते असे: "माझ्या आईच्या अखेरच्या दिवसांत जनकाबाईने तिच्याशी अबोला धरला. याचा पुरावा म्हणून ध्वनिफीत घरात आहे." हे वाक्य मी मोठ्या ऐटीत लिहिले होते. वकिलालाही ते आवडले होते. आज ते वाचताना मला स्वतःची किळस येते.

कलम २. घरातील स्टिरिओ संच. यात फिरकीचा जर्मन टेपरेकॉर्डर, दोन माईक, व्हॉल्व्हचा जड ॲम्प्लिफायर, दोन लाकडी स्पीकर आणि गेल्या महिन्यात बसवलेला नवा प्रीॲम्प एवढ्या वस्तू येतात. हा संच जनकाबाईचा. तो तिचा कसा झाला, हे सांगितल्याशिवाय पुढची कलमे कोणाला पटणार नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

संच मी १९६३ साली खामगावच्या एका कापसाच्या जिनातल्या साहेबाकडून घेतला. साहेब देश सोडून चालला होता. प्रीॲम्प तेवढा जळालेला होता, म्हणून संच स्वस्तात मिळाला. प्रीॲम्प म्हणजे यंत्राचा बारीक आवाज मोठ्या ॲम्प्लिफायरला देण्याआधी उचलून धरणारा डबा. तो मी घरीच बनवला. पंचक्रोशीत तेव्हा असला डबा बनवणारा दुसरा माणूस नव्हता आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू दिली नाही.

टेपरेकॉर्डरमधून दोन तारा निघत होत्या. आमच्या धंद्यात मांडवातल्या सगळ्या कर्ण्यांना एकच आवाज द्यायचा असतो. भाषणाच्या टेबलावर माईक दोन ठेवतात, पण एक चालू आणि दुसरा सुटा, पहिला ऐन वेळी दगा देईल म्हणून. वीस वर्षे हेच केलेले. तेव्हा यंत्राची दुसरी तारही सुटी असणार, असे मी धरून चाललो. तिला काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि पहिल्या तारेचा आवाज दोन्ही स्पीकरना वाटून दिला. दोन्हीकडून सारखा आवाज येतो, म्हणून लोक तारीफ करायचे.

त्याच साली आई, रुखमाबाई, थकली. तिच्या ओव्या यंत्रात धरून ठेवाव्यात असे मला वाटले. एका पहाटे जात्यापाशी तोंडाजवळचाच आवाज धरणारे दोन माईक बांधले, एक आईच्या तोंडाशी, एक समोर बसलेल्या जनकाच्या. जनकाच्या पुढचा सुटाच, असे मी समजत होतो. आईने मला बाहेर घालवले. नवऱ्यासमोर सून गळा उघडत नाही, तू जा, म्हणाली. मी यंत्र चालू करून चौकात चहा प्यायला गेलो. त्यानंतर पंधराव्या दिवशी आई गेली.

दिवस झाल्यावर फीत लावली. आईची ओवी, मग नुसती जात्याची घरघर, मग पुन्हा आईची ओवी. जात्यावर एकीने म्हणायचे आणि दुसरीने उचलायचे, ही रीत आमच्याकडच्या पोरीसोरींनाही ठाऊक. इथे दुसरी गप्प. गोजरबाई तिथेच बसली होती. सुनेने मरत्या सासूला एका ओवीचीही साथ दिली नाही, असे ती सगळ्यांदेखत बोलली. जनका म्हणाली, मी गायली होती. मी तिला म्हणालो, यंत्र काही कोणाची बाजू घेत नाही.

त्यानंतर दर वर्षी पितरात, आईच्या तिथीला, पानं वाढण्याआधी ही फीत लावायची असा आमच्या घरचा रिवाज पडला. भाऊबंद डोळे पुसत ऐकायचे. मधल्या घरघरीला गोजरबाई मान वळवून स्वयंपाकघराकडे बघायची. जनका आत वडे तळत असायची. पहिली दोन-तीन वर्षे ती मला सांगत राहिली की मी गायली होती. पुढे सांगायची थांबली. पुढे पुढे ती दळतानासुद्धा गाईनाशी झाली. मी तिकडे लक्ष दिले नाही. चक्की आली, मग जातेच उचलून ठेवले.

यंदा माझ्या डब्यात घुमारा फार यायला लागला आणि त्याचे व्हॉल्व्ह कुठे मिळेनात. बुलढाण्याला दयाराम इंगळे याचे दुकान आहे. तो माझा जुना भागीदार. १९६५ साली माझ्या मंडपांची चार गिऱ्हाईके घेऊन वेगळा झाला, म्हणून मी त्याच्याशी बोलत नव्हतो. पण तिथी तोंडावर आली होती, म्हणून नाक मुठीत धरून गेलो. त्याने स्वतः बनवलेला ट्रान्झिस्टरचा प्रीॲम्प दिला, आणि मी उलटसुलट जोडीन म्हणून दुसऱ्या दिवशी एस.टी.ने मागोमाग आला. मला राग आला, पण बसू दिले.

त्याने संचाची मागची बाजू उघडली आणि गुंडाळलेली तार बोटावर घेतली.

"माणिक, हे लाइन काऊन बंद ठेवली बे?"

सुटी आहे, असे मी सांगितले. "अबे, एका माईकाची एक लाइन, दुसऱ्याची दुसरी," तो म्हणाला. मग पट्टी सोलून त्याने ती तार नव्या डब्याला लावली. उद्याच्या फितीवरच परीक्षा करू, असे मी म्हणालो.

डाव्या स्पीकरमधून आई गायली. ओवी संपली आणि उजव्या स्पीकरमधून जनका गायला लागली.

हे मी कसे लिहावे मला कळत नाही. मी खाली जमिनीवर बसलो. दयारामने बंद करू का विचारले, तर मी नको म्हणून हात हलवला. आवाज अकरा वर्षांपूर्वीच्या जनकाचा, मोकळा, जरा लाजलेला. आईच्या प्रत्येक ओवीला तिची ओवी होती, एकही सोडलेली नव्हती. त्यातली एक इथे उतरवतो:

माह्या सासूच्या हाताखाली जात्याचा खुंटा मी धरीन,
तिच्या माघारी ह्या घराले तिचं गाणं मी पुरवीन.

यावर आई "हाव माय" असा होकार देते. ते शब्द आम्ही अकरा वर्षे ऐकत होतो आणि ती देवीला म्हणते असे समजत होतो. ती सुनेला म्हणत होती.

जनका कधी दारात येऊन उभी राहिली, मी पाहिले नाही. हाताला डाळीचे पीठ होते. फीत संपून फिरकी फडफडत राहिली, तरी ती हलली नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "मले तं वाटाले लागलं व्हतं, का मी गायलीच नसन."

एवढे बोलून ती आत गेली. दयारामने चहासुद्धा घेतला नाही. मी दिवे लागेपर्यंत तिथेच बसून होतो. अकरा वर्षे मी एका बाईला तिच्याच आठवणीबद्दल खोटे पाडले, आणि तेही चिकटपट्टीच्या एका तुकड्यापायी. हा धक्का अजून उतरलेला नाही. इथे अक्षर वाकडे आले आहे. ते दुसऱ्या कोणाचे समजू नये.

दुसऱ्या दिवशी सगळ्या भाऊबंदांपुढे फीत लावली. गोजरबाईचे तोंड पांढरे पडले. मग दयारामने मागाहून काहीतरी भरले असेल, असे म्हणाली. भाऊबंद पानांवर जाऊन बसले.

कलम ३. कर्णे, माईकचे दांडे, सोल्डरिंगची हत्यारे व दुकानातील सगळे सुटे सामान दयाराम इंगळे याने न्यावे. त्याला वाटा मिळतो म्हणून साक्षीदार केलेले नाही. गिऱ्हाइकांची बाब मी सोडून दिली आहे, पण विसरलेलो नाही. मी बनवलेला जुना डबा मात्र त्याने नेऊ नये. तो जनकाबाईच्या डोळ्यांदेखत फोडावा.

कलम ४. राहते घर, दुकानाचा गाळा आणि पोस्टातील शिल्लक हे सर्व जनकाबाईचे, पूर्ण मालकीने. ती विकेल, दान देईल, नाही तर कुलूप लावून माहेरी, धाड गावाला, जाऊन राहील. वागणुकीची अट नाही.

कलम ५. कडूबावर माझा राग नाही. पोरगा सरळ आहे. त्याला माझी सायकल व मनगटी घड्याळ द्यावे. गोजरबाईला मी काही ठेवत नाही. तिने माझ्यामागे घरी यावे, भांडण काढायला नव्हे, आणि जनकाने वाढले तर जेवावे.

कलम ६. हे शेवटचे कलम कालपर्यंत लिहायचे नव्हते. काल संध्याकाळी मसुदा पुरा झाला आणि मी तो जनकाला वाचून दाखवला. ती मेथी निवडत होती. कलम ४ च्या खाली मी कारण लिहिले होते: "जनकाबाई आईसोबत गायली होती, हे ध्वनिफितीवरून शाबीत झाले आहे, म्हणून." मला वाटले, हे ऐकून तिला बरे वाटेल. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"तवा फितीनं सांगतलं म्हून मी खोटी," ती म्हणाली. "आता फितीनं सांगतलं म्हून मी खरी. माह्यं कवा ऐकलं तुम्ही?"

मी कागद घडी करून ठेवला. ती परत मेथी निवडायला लागली. मी रात्रभर जागा होतो, आणि सकाळी ते वाक्य खोडले. घर तिला का दिले, असे पुढेमागे कोर्टात किंवा घरात कोणी विचारले, तर फीत लावू नये. कारण म्हणून पुढचे वाक्य धरावे:

मी गायली होती, असे जनकाबाईने मला १९६३ साली सांगितले होते.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, राजीखुशीने सही करून दिले आहे. कलम ४ खालील दीड ओळ खोडलेली आहे. खाडाखोड माझ्या हातची असून तिच्या बाजूला माझी सही आहे.

ठिकाण: जळगाव जामोद
दिनांक: १९ नोव्हेंबर १९७४

(सही) माणिकराव पुंजाजी उमाळे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली:

१. (सही) जानराव सखाराम ढगे, निवृत्त पोस्टमास्तर, जळगाव जामोद
२. (सही) भगवंतराव तुळशीराम वानखडे, कापड दुकानदार, जळगाव जामोद