चौथी कात

५ ऑगस्ट
रेशमाच्या अळ्या आणल्या, दोन काती टाकून झालेल्या. तुतीचा पाला कापून हात भरून आले. हे शेडच्या दारातूनच म्हणाले, "ही एक बॅच बघू. फसली तर तुती उपटून ऊस." बी.एस्सी.ला झुरळ कापलं, तेव्हा कुठं माहीत होतं पुढं अळ्यांचं बाळंतपण करायचंय!

८ ऑगस्ट, सकाळी
तिसऱ्या झोपेला बसल्या, कात टाकायच्या. खाणं बंद, डोकं वर, हालचाल नाही. उरलेला पाला सुकावा म्हणून वर चुना भुरभुरला. आत्यांना (सासूबाई) तीनदा बजावलं, आज पाला नाही, हात लावायचा नाही. मी मिरजगावला, दाढ काढायला.

संध्या.
घात झाला. आत्यांनी एका रॅकमधल्या अळ्या वेचून ताज्या पाल्यावर ठेवल्या. "मुक्या हायेत म्हनून उपाशी ठिवायच्या व्हय गं? मला घास उतरंना." घरात कुणी उपाशी असलं की या जेवत नाहीत, लग्नापासून बघतेय. तरी अळ्या त्यांच्यावर सोडून गेले. गाल सुजलेला म्हणून बरं, नाहीतर काय काय बोलले असते.

९ ऑगस्ट
त्या रॅकमधल्या निम्म्या अडकल्या. झोपेआधी अळी रेशमाच्या धाग्यांनी पाय खाली घट्ट बांधून घेते, मग जुन्या कातीतून पुढं सरकत बाहेर येते. उचलल्या, धागे तुटले. आता कात शेपटाकडं आवळून बसलीय, ओढायची कशाच्या जोरावर? टोपलीभर पुरल्या. आत्यांना एक दाखवली.
"मी मारल्या व्हय?"
"हो."
फार दमले होते. म्हणायला नको होतं.

१२ ऑगस्ट
पाला, पाला, पाला. बाकीचे रॅक झकास. आत्या शेडकडं फिरकत नाहीत. हे म्हणे तुती उपटायला ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलंय. वैताग आलाय या माणसाचा.

१४ ऑगस्ट
चौथी झोप, शेवटची. ही लांबते, दीड दिवस. दुपारी आत्या आपणहून आल्या, दारात पोतं टाकून बसल्या. "हात न्हाई लावनार म्या." जेवल्या नाहीत. "ह्या उठल्या की मी बी जेवीन." त्यांना गोळ्या चालू, उपाशी चालत नाही. सांगितलं तर "तू तुझं बघ." राग आला, रडूही आलं.

१५ ऑगस्ट
आत्या नुसत्या चहावर. दुपारी पहिली उठली. जुनं तोंड टोपणासारखं गळालं, आतून मोठं, फिकट डोकं. आत्यांना बोलावून दाखवलं. "लई गोजिरी गं! घाल की पाला आता." म्हटलं, नाही, बहुतेक सगळ्या उठल्याशिवाय नाही, मागं राहिलेल्या पाल्याखाली दबतात. परत पोत्यावर बसल्या.

संध्या.
ह्यांनी दोघींची ताटं शेडवर आणली. स्वतःहून! आत्यांनी आपलं झाकून ठेवलं. मी भाकरी मोडली होती, तीही तशीच झाकली नि त्यांच्याशेजारी बसले. खालच्या रॅकला निम्म्या अजून डोकं वर करूनच आहेत.