तीन स्प्रिंगा कमी

दि. १४ जून

धाकट्या,

आशीर्वाद. मी बरा आहे, तुझी वहिनी माझ्याहून बरी.

तान्ह्या बाळांचं वजन करायच्या आपल्या काट्यात माझ्या हातचं काय काय आहे, ते ऐक: पत्र्याचं घर, तबकडी, तिच्यावरची प्रत्येक रेघ, सुई, झोळी अडकवायचा हूक, चारही स्क्रू, खोकंसुद्धा. आणि तू वेगळा होऊन स्वतःचा स्प्रिंगांचा कारखाना काढल्यापासून स्प्रिंगही. बाहेरचा माल घरी पुन्हा मोजायचाच, तर घरीच का करू नये? वहिनी म्हणते, "उद्या लोखंडासाठी खाणही खणा!"

मार्चमध्ये दवाखान्यातल्या नर्सबाईंचा फोन आला. "काका, तुमच्या काट्यावर एक बाळ दोन दिवसांत पाऊण किलोनं वाढलंय. दूध पितं की दगड खातं?"

मला हसू आलं नाही. स्प्रिंग ढिली पडली होती. रोडावलेलं बाळ गुटगुटीत दाखवणारा काटा, आणि त्यावर माझं नाव! भट्टीपाशी दुसऱ्या कुणी उभं राहायचं नाही, हा नियम माझाच. त्या स्प्रिंगा भट्टीत होत्या, त्या दिवशी माझ्या अंगात ताप होता. स्प्रिंगा लवकर बाहेर काढल्या, आणि तपासल्याही मीच. एकशे बारा काटे परत आणले.

मग वहिनीनं परस्पर, तिच्या भावाच्या नावानं, तुझ्याकडून दोनशे स्प्रिंगा मागवल्या. मला कळलं ते खोकं उघडल्यावर. आत तुझ्या अक्षरातली चिठ्ठी: 'एकशे सत्त्याण्णव पाठवल्यात. तीन रात्रभर वजन टांगल्यावर केसभर लांबल्या, म्हणून काढून ठेवल्या.'

खोटं कशाला सांगू, तरीही मी सगळ्या वजन टांगून मोजल्या. एकही चुकली नाही. पण धाकट्या, त्या तीन तू गुपचूप घातल्या असत्यास, तर माझ्या मापात त्याही बसल्या असत्या.

गेल्या आठवड्यात दुसरं खोकं आलं. ते न मोजता कामाला दिलं. दुपारचं जेवण काही गेलं नाही.

सहा वर्षांपूर्वी तू म्हणालास, "दादा, मोजल्यात मी." मी चार कामगारांसमोर तुझी एकेक स्प्रिंग पुन्हा मोजली. सगळ्या बरोबर होत्या. तेव्हा ते माझ्या तोंडून निघालं नाही. आज लिहितो: सगळ्या बरोबर होत्या.

भट्टी विझवली आहे. यापुढे स्प्रिंग तुझी. करारबिरार नको, चिठ्ठी घालत जा.

तुझाच, उशिरा शहाणा झालेला
दादा

ता. क. स्प्रिंगांचं काम मागायला एक मोठी कंपनी आली होती. पाच वर्षांचा लेखी करार, प्रत्येक नगाचा दाखला, आणि एक जरी स्प्रिंग ढिली निघाली तर जप्त करा म्हणून माझ्याकडे ठेवायला अनामत. चहा पाजून परत पाठवलं. अनामत अकरा लाखांची होती.