मस्टरवर नसलेला डबा

कुरखेडा, १८ ऑगस्ट २००५

ती. देवाजीभाऊजी यांस धाकट्या साळ्याचा, दसरूचा नमस्कार.

इथी सगळे बरे. धानाची रोवणी आटपली, मायचा गुडघा होता तसाच दुखून राह्यला. रीताताईची तब्येत कळवा. माजरीच्या कोळसा खाणीच्या धुळीनं तुमचा खोकला वाढला असन, तर औषध घ्या (घेणार नाई, हे मले माहीत हाय, रीत म्हणून लिहिलं).

आता माहं. आमच्या मोहा-हिरडा सोसायटीत सहा कॉम्प्युटर आले अन् नेटचा एक डबा. डब्यातून सगळ्यांले नेट भेटते, पण दर मशीनले आपला नंबर द्या लागते. एक नंबर दोघांत चालत नाई. नंबर द्याचे म्हटल्यावर हजेरीचं मस्टर काढलं. साहेबांले एक, बडेबाबूच्या खुर्चीवरच्या बायनाबाईले दोन, असं उतरत उतरत कंत्राटी ऑपरेटर म्हणून मले सहा. कोणाचंच मन दुखलं नाई. साहेबांनी तर एक आकड्याची चिठ्ठी मशीनवर चिकटवली अन् आल्यागेल्याले दाखवाले लागले.

तवापासून साहेबांनी मशीन सुरू केली का सगळ्यांचं नेट बंद, अन् साहेब दौऱ्यावर गेले का सुरू. साहेबांले वाटते, आम्ही मुद्दाम करून राह्यलो. नागपूरचा इंजिनिअर नेमका दौऱ्याच्या दिवशी आला, सगळं ठीक हाय म्हणून चहा पिऊन गेला. बायनाबाईच्या मतानं साहेबांचा पायगुणच तसा (हे त्या दार लावून बोलल्या). शेवटी मी बाहेरच्या खोलीतून एकेक वायर काढून पाह्यली. साहेबांची काढली अन् नेट आलं. मग डबा उलटा केला. खाली छापलं होतं, डब्याचा सोताचाच नंबर एक! त्याचं नाव मस्टरवर नाई, तं त्याले कोण विचारते?

डब्याचा नंबर बदलावा तं त्याचा पासवर्ड कोणापाशीच नाई. साहेबांचा गुपचूप बदलावा तं केबिनची चावी त्यांच्या खिशात. अन् मोकळा नंबर सात, म्हणजे माह्याही खाली. इकडं साहेबांनी सांगून ठेवलं, का एकतीस तारखेपर्यंत नेट सुधरलं नाई तं दसरूचं कंत्राट वाढत नाई. भाऊजी, मले खरंच भेव लागून राह्यला. घरात माहाच एक पगार हाय.

बाकी ठीक.

तुमचा,
दसरू

ता. क. – साहेब अन् तुम्ही आरमोरीच्या शाळेत एका बाकावर होते, अजूनही तुम्ही त्यांले अरे-तुरे करता. एक चिठ्ठी लिहा, का सात नंबर लई मानाचा असते. तुमचं ते ऐकतात.

आणखी ता. क. – मस्टरप्रमाणं नंबर द्याची अक्कल माही होती. त्या दिवशी साहेबांनी खुश होऊन मले केबिनमध्ये बसवून चहा पाजला होता. चिठ्ठीत एवढं सोडून बाकी सगळं लिहा. अन् ई-मेल नका करू, पोस्टानंच धाडा. साहेब महिनाभर ऑफिसातच हाय.