चेपलेली अंडी

३ तारीख, सकाळी ९
पीएचडीचं सातवं वर्ष. हेच शेवटचं. गाइडबाईंनी मुदतवाढीच्या अर्जावर सही करताना ही शेवटची हं, असं बजावलं. उगीच घाबरवतात. महिनाअखेर काम संपवून घरी, बायको आणि मुलीकडे कायमचा. बायकोला फोनवर ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, गेल्या वर्षीही असंच ठणकावलं होतंस.

५ तारीख
प्लॅन सोपा. डासाच्या मादीतला एक जीन बंद करायचा. मग अंड्याचं कवच नीट धरत नाही, अंडी चेपतात. साठ माद्यांना इंजेक्शन. वीस साध्याच ठेवल्या, तुलनेसाठी.

७ तारीख
माद्यांना रक्त पाजलं. बाटलीतलं. तरी चौघींनी माझंच पसंत केलं.

८ तारीख
डासांच्या खोलीला दोन दारं. एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आज मधल्या बोळात वीस मिनिटं अडकलो. अटेंडंट काकांनी बाहेरून विचारलं, आत जायचंय की बाहेर यायचंय? पटकन सांगता आलं नाही. दमलोय, दुसरं काही नाही.

१० तारीख
ओल्या कागदावर अंडी घातली! आधी पांढरी, दोन तासांत काळी. हवा दमट ठेवणारं मशीन फार घरघरतं. बंद केलं. विचार करायला शांतता लागते. एका दिवसाने काय बिघडतंय?

११ तारीख
सगळी चेपलेली!! अगदी मनुका! जिंकलो. साध्या माद्यांची अंडी बघितली नाहीत. ती टपोरीच असणार, वेळ कशाला घालवा? घरी फोन केला. मुलीने उचलला आणि विचारलं, कोण बोलतंय? रेंज नसावी.

१२ तारीख
बाईंनी आधी साध्या माद्यांची अंडी मागितली. तीही चेपलेली. कवच पक्कं होईपर्यंत कागद ओला राहावा लागतो, हे मीच ज्युनिअर्सना शिकवतो. मशीन कोणी बंद केलं, असं बाईंनी विचारलं. काका छताकडे बघत राहिले. बाई चिडल्या नाहीत. ड्रॉवरमधून मुदतवाढीचा कोरा अर्ज काढला. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ तारीख
बायकोला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, शाळेत कोणीतरी मुलीला विचारलं, बाबा कुठे असतात? तिने सांगितलं, डासांकडे राहतात, त्यांना आमच्याकडे करमत नाही.
फोन ठेवून बोळात उभा राहिलो. खूप रडलो. मग आत जाऊन नव्या साठ माद्या मोजून घेतल्या.