सखुबाईच्या मागची जागा

३ फेब्रुवारी १९५२, रविवार

खोटं खोकले. तेही देवळात, प्रभुभोजनाच्या वेळी!

न्हायल्यावर केस वाळेनात, म्हणून उपासनेला उशीर झाला. पुढची माझी जागा गेली. बायकांच्या सतरंजीवर अगदी शेवटी एकच जागा उरली होती — सखुबाईच्या मागची. सखुबाई आमच्या मिशनच्या इस्पितळात संडास धुते, रोग्यांची भांडी उचलते. आणि आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा पेला एकच. पुढच्या बाईने घोट घ्यायचा, मागच्या बाईच्या हातात द्यायचा. बायका झाल्या की तोच पेला पुरुषांकडे. आज तो सखुबाईच्या हातून माझ्याकडे आला. तिने मान खाली घातली, पेला तोंडाशी नेला, मग दोन्ही हातांनी मला दिला. पदर तोंडाला लावून खोकले आणि पेला तसाच मंडळीच्या पंचांपैकी दिनानाथजींच्या हातात दिला.

पाच वर्षं पहिल्या रांगेत बसते आहे. सगळे म्हणतात, इंदूबाईंची भक्ती केवढी! भक्ती कसली — सखुबाईच्या आधी पेला मिळावा म्हणून बसते. आज हे पहिल्यांदा कागदावर आलं.

५ फेब्रुवारी

शाळेतून आले तर सखुबाई दारात. हातात पितळेची लोटी, तिच्यात अडुळशाचा काढा.

“बाई, इतवारी तुमची खांसी ऐकली ना. गरम-गरम पिऊन घ्या, एकदम आराम पडेल.”

ठेव तिथे, म्हटलं. ती गेल्यावर मोरीत ओतला. मग लोटी राखेने घासली. दोनदा! तिची लोटी तिलाच परत द्यायची होती. मग मी कुणासाठी घासत होते?

६ फेब्रुवारी

“खांसी कशी है अब, बाई?” “बरी आहे.” मेलं माझं तोंड!

१० फेब्रुवारी

दिवसभर चिडचिड. दुसरीतल्या मुलींना उगाच ओरडले.

मी काय कमी सोडलं? बाप्तिस्मा घेतला तेव्हा वडिलांनी, अण्णांनी, माझ्या नावाने आंघोळ केली. राजवाड्याच्या दफ्तरातला माणूस, चारचौघांत मान खाली गेली म्हणे. घर गेलं, आई दुरावली, भावाच्या लग्नाला मी रस्त्यावरून वरात पाहिली. हे सगळं प्रभूसाठी जमलं. आणि एका बाईच्या ओठांपाशी येऊन मी अडते! प्रभो, तू सगळ्यांवर प्रीती करायला सांगितलीस. सगळ्यांवर करते रे. एका सखुबाईवर करता येत नाही.

१४ फेब्रुवारी

उपाय सापडला!

शारदा — खोलीत माझ्याबरोबर राहते, इस्पितळात नर्स आहे — जेवताना म्हणाली, “एका पेल्याला साठ तोंडं लागतात, इंदूताई. आमच्या वॉर्डात क्षयाचे किती पेशंट आहेत, ठाऊक आहे?” मी घास तसाच ठेवला. बाहेरदेशी म्हणे प्रत्येकाला काचेचा छोटा पेला देतात, अंगठ्याएवढा. लगेच मंडळीच्या नावे अर्ज लिहायला बसले. तीन वेळा लिहिला. जंतू, क्षय, लहान मुलं, आरोग्य. सखुबाईचं नाव एकदाही नाही. अक्षर मात्र सुरेख आलं.

१७ फेब्रुवारी

पाळकसाहेब अर्जावर खूश. “इंदूबाई, हे आम्हाला आधीच सुचायला पाहिजे होतं.” पेले मुंबईहून मागवायचे. पंचांची सभा सात एप्रिलला, ते हो म्हणतीलच. तोवर फक्त दोनदा प्रभुभोजन. दोनदा तर पुढे बसेनच.

२ मार्च, रविवार

पुढे बसले. पहिला घोट माझा. मनुका उकळून केलेला रस आज जरा जळका होता.

उपासनेनंतर पाळकसाहेब म्हणाले, मोठ्या मुलींचा वर्ग तुम्ही घ्या. विषय, एकमेकांवर प्रीती करणे. मी हो म्हटलं. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

८ मार्च

वर्ग घेतला. चांगला बोलले, बोलता मला येतंच. शेवटी अरुंधती नावाच्या चोंबड्या पोरीने हात वर केला. “बाई, तुम्हाला कोण आवडत नाही?”

“मला माझा अहंकार आवडत नाही,” म्हटलं.

मुलींनी वहीत उतरवून घेतलं! वर्गातून बाहेर पडले. सखुबाई व्हरांड्यात पाणी मारत होती. मला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभी राहिली. ती नेहमीच तशी उभी राहते. आज दिसली.

१६ मार्च, रविवार

आईला भेटले! पाच वर्षांनी.

अण्णा उज्जैनला गेलेत, मागच्या दाराने ये, असा निरोप आला होता. उपासना चुकवून गेले. आई किती वाळलीय! मी वाकले तर दोन पावलं मागे सरली. “स्वैपाकात आहे गं, शिवू नकोस.” मग आम्ही दोघी रडलो, ती उंबऱ्याच्या आत, मी बाहेर. तहान लागली म्हटलं. तिने तांब्या आणला आणि म्हणाली, ओंजळ कर. आणि वरून पाणी ओतलं. तांब्या इतका उंच धरला होता की निम्मं पाणी कोपरावरून चोळीत गेलं. माझी आई! मला जिने न्हाऊ घातलं, ती!

उन्हातून चालत छावणीतल्या आमच्या मिशनपर्यंत आले. टांगा केला नाही. सगळ्या रस्त्याने संतापले होते. ह्या लोकांचा देव तरी कसला, ह्यांचं सोवळं तरी कसलं, ह्यांना काळीज आहे का, असंच सगळं डोक्यात.

१७ मार्च

राखेने दोनदा घासलेली लोटी.

आई निदान रडत तरी होती.

१८ मार्च

जेवण नको वाटतं. शारदा म्हणते ताप आहे. ताप नाही.

२५ मार्च

इतके दिवस वही उघडली नाही. लाज वाटत होती. कुणी वाचत नाही तरी वाटत होती.

आज ठरवलं. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी प्रभुभोजन आहे. मी सखुबाईच्या मागे बसणार. तिच्यानंतर पेला घेणार आणि नीट घोटभर घेणार, नुसते ओठ ओले करणार नाही. प्रभो, त्या वेळी खोकला देऊ नकोस. खरासुद्धा!

६ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

घेतला!

अर्धा तास आधी जाऊन शेवटी बसले. सखुबाई आली, मला पाहून दारातच थबकली. “बाई, तुमची जागा पुढे है.” “आज इथेच,” म्हटलं. ती बिचारी माझ्यापुढे अंग चोरून बसली, मला पाठ कशी करावी ह्याच काळजीत. पेला आला. तिच्या हातून मी घेतला. डोळे मिटले आणि मोठा घोट घेतला. कोमट, गोड. काही झालं नाही. डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी. दिनानाथजी पेल्यासाठी हात पुढे करून उभेच राहिले.

उपासना संपल्याबरोबर पाळकसाहेबांना गाठलं. अर्ज परत घेते, म्हटलं. ते गोंधळले. “अहो, उद्या सभा आहे. पंच सगळे तयार आहेत.” मी त्यांना खरं ते सांगितलं — तो अर्ज जंतूंना भिऊन लिहिला नव्हता, माणसाला भिऊन लिहिला होता. एका पेल्यातून पिता येत नसेल तर आपली मंडळी कसली? पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, पुढच्या रविवारचं प्रवचन तुम्हीच दिलंत.

आज फार हलकं वाटतंय. पाच वर्षांत पहिल्यांदा वाटतंय की बाप्तिस्मा पाण्यापुरता नव्हता. स्वतःविषयी इतकं बरं वाटणं बरं का, कोण जाणे. वाटतंय खरं.

७ एप्रिल

पंचांनी ठराव केला. पेला एकच राहील, हा विषय पुन्हा निघणार नाही. दिनानाथजींनी वाटेत थांबवून हात जोडले.

८ एप्रिल

एक राहिलंय. सखुबाईची माफी मागितलेली नाही. उद्या तिच्या खोलीवर जाईन. सगळं सांगेन. आणि चहा दिला तर पिईन.

९ एप्रिल

सांगितलं. खोकला खोटा होता हे तिला तेव्हाच कळलं होतं. रागावली नाही. तांदूळ निवडता निवडता एवढंच म्हणाली, “पण अर्ज कशाला वापस घेतला, बाई?”

तुझ्यानंतर पिऊन मला कळलं, आपण सगळे एक — असं काहीसं मी बोलू लागले.

“मी कुठे पीते, बाई? नुसता तोंडाशी नेते. पहिल्याच साली माझ्यामागून पुरुषांतल्या एका भियाने पेला धोतराने पुसला. मी बघितलं. बारा साल झाले, तेव्हापासून ओठ नाही लावला.” सुपातला एक खडा तिने बाहेर टाकला. “शारदा सिस्टर बोलली होती, छोटे-छोटे पेले येतात म्हणून. मी म्हटलं, चला, एक तर माझा होईल.”