दीपमालेची सुट्टी

प्रिय ललित,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू मध्येच "मोठमाय, मीटिंग आहे" म्हणतोस, म्हणून कागद घेतला. आधी गोड बातमी. आपल्या उखाच्या लेकीला, दीपमालेला, मुलगी झाली! शहाद्याच्या दवाखान्यात जाऊन आले. काय जावळ आहे पोरीला, आणि माझं बोट धरलं ते सोडेना. तेव्हापासून मी नुसती हसतेच आहे. तुझी आई म्हणते, स्वतःची पणती झाल्यासारखं करता. म्हटलं, करते. लाडवांना डिंक उखाने मोलगीच्या बाजारातून आणला, चांगला निघाला.

उखा आपल्याकडे सालदार होता तेव्हा तू त्याच्या खांद्यावर बसून केळीच्या बागेत जायचास. आखाजीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला, त्याचं वर्षाचं साल ठरायचं. धान्य, कपडे, जोडे, दुखणंखुपणं सगळं आपल्याकडे, कारण तो आपल्याला विचारल्याशिवाय गाव सोडत नसे. निंदणी ठरावीक रकमेत उक्ती दिली की त्या बाया मात्र त्यांच्या वेळेला येत, त्यांच्या वेळेला जात. उशीर का झाला हे विचारायची तुझ्या आजोबांचीही सोय नव्हती.

तू शहाद्यात ऑफिस काढलंस, उखाच्या पोरीला कॉम्प्युटरपुढे खुर्ची दिलीस, तेव्हा मी गावभर पेढे वाटले होते. नऊला अंगठा लावायचा, उशीर झाला की अर्धा दिवस कापायचा. आणि आता कळतं की कागदावर ती तुमची नोकरच नाही. स्वतंत्र व्यावसायिक म्हणे! वकील-डॉक्टरांचा कापतात तसा तिचा कर कापता. म्हणजे तिचं काम उक्तं. म्हणून फंड नाही, बाळंतपणाची रजा नाही. ती दवाखान्यातून घरी यायच्या आत तिच्या खुर्चीत दुसरी मुलगी बसवलीस.

मी म्हटलं, हे हिशोब बघणाऱ्या साहेबाचं डोकं असेल, आपलं पोर असं नाही. तर दीपमालेने मोबाईल दाखवला. कळा सुरू झाल्यावर तिने तुला विचारलं होतं, सर, दवाखान्यात जाऊ का. तू लिहिलंस, "आधी फाइल संपव, मग सुट्टी." मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

परवा उखा आला. आत ये म्हटलं तरी दारातच उभा. आयकरवाल्यांनी तुझ्या ऑफिसातल्या मुलींना विचारलंय, तुम्ही नोकरीत की स्वतःच्या धंद्यात. मुली नोकरीत ठरल्या तर तुझ्यावर मागचा कर आणि दंड बसेल, म्हणून तू त्याला फोन केलास. पोरीला सांग, मी मनाला येईल तेव्हा काम करते, असं लिहून दे. वर आपल्या घरोब्याची आठवण करून दिलीस. त्या माणसाने या घराला कधी नाही म्हटलेलं नाही. म्हणून मला विचारायला आला होता, सही करू देऊ का.

ललित, दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. मी उखाबरोबर त्याच्या घरी गेले. बाळ माझ्या मांडीवर होतं. दीपमालेने विचारलं, "मोठमाय, काय लिखू?" मी म्हटलं, "तू सुट्टी मांगी आन त्यानी दिधी नही, तेच लिख." तिने लिहिलं. आज ते आयकर ऑफिसात गेलं. तुझ्या वाटणीचे लाडू डब्यात ठेवलेत. आखाजीला ये. उखालाही जेवायला बोलावलंय, पाट तुझ्या शेजारीच मांडणार आहे.

तरीही तुझीच,
मोठमाय